इसोफॅगस आणि स्टमक: मेडिकलच्या फर्स्ट इयरवाल्यांनी डिसेक्शनच्या टेबलापासून स्लाइडपर्यंत कसं करायचं

पहिल्या इंटर्नलला सात नंबरच्या मायक्रोस्कोपखालच्या स्लाइडला मी छातीठोकपणे इसोफॅगस (अन्ननलिका) लिहून आले आणि ती निघाली व्हजायना (योनी). बॅचमधली पोरं तेव्हा जी हसायला लागली ती अजून थांबलेली नाहीत, आता मी फायनलला आले तरी. पण चूक अगदीच येडपटपणाची नव्हती बरं का. दोन्हीचं आतलं अस्तर जवळपास सारखंच दिसतं, मी अस्तर बघितलं, खूश झाले, लिहून मोकळी. खालचे थर बघितलेच नाहीत. दर वर्षी होस्टेलला ज्युनिअर येऊन तेच तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकावं. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी मीडियमची, पुण्यात आले तेव्हा पहिले दोन महिने नुसत्या शब्दांनीच घाम फोडला होता, त्यामुळे त्या पोरांसाठी जरा जास्तच सविस्तर लिहितेय.

१. आधी सामान

पूर्ण बाह्यांचा एप्रन, ग्लोव्हज, एक बोथट टोकाची फोर्सेप (टोकदार नको, नस फाटते आणि टेबलावरचे सगळे तुमच्याकडे बघतात), आयडी कार्ड, हिस्टॉलॉजीचं (मायक्रोस्कोपखाली ऊती बघण्याचा विषय) जर्नल, आणि एच अँड ई पेन्सिली म्हणजे स्लाइडच्या रंगांच्या, एक गुलाबी आणि एक जांभळी. या पेन्सिली मेडिकलच्या दुकानात वेगळ्या पॅकमध्ये महाग मिळतात, अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे सुट्ट्या घ्या, काम तेच. पुस्तकं सिनिअरकडून जुनी घ्या. त्यात पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) काय विचारतात ते त्यावरून कळतं. शिवाय एक मीटरभर नाडी लागेल, हो, लेंग्यात घालतो तीच, कशाला ते तिसऱ्या पायरीत.

आणि डिसेक्शन हॉलमध्ये फोन बाहेर काढायचा नाही. फोटो तर अजिबात नाही. त्या टेबलावरच्या माणसाने देहदान केलेलं असतं, पहिल्या दिवशी शपथ घेतो ती उगाच नाही.

२. शब्दांचा घोळ लगेच मिटवा

मराठीत आपण पोट म्हणतो ते दोन गोष्टींना. बरगड्यांखालचा सगळा भाग पण पोट आणि जेवण जातं ती पिशवी पण पोट. व्हायवाला डोक्यात ही गल्लत असली की उत्तर घसरतंच. सगळा भाग म्हणजे ॲब्डोमेन, पिशवी म्हणजे स्टमक, शुद्ध मराठीत जठर. अन्ननलिका म्हणजे इसोफॅगस. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ओ आहे म्हणून मी दोन आठवडे 'ओसोफॅगस' म्हणत होते, कुणी सांगितलं पण नाही. अजून एक फसवाफसवी म्हणजे ब्रिटिश स्पेलिंगवाल्या पुस्तकाच्या इंडेक्समध्ये हा शब्द ओ खाली सापडतो आणि अमेरिकन पुस्तकात ई खाली, मी एकदा लायब्ररीत अर्धा तास शोधून 'या पुस्तकात चॅप्टरच नाही' असं ठरवून परत आले होते.

तिसरा शब्द कार्डिया. ते काही हार्टचा भाग नाही. जठराचं वरचं तोंड हार्टच्या जवळ आहे म्हणून ते नाव पडलं, बस. छातीत जळजळ झाली की आपले लोक काळजावर हात ठेवतात तेही याच शेजारामुळे.

३. नाडीवर इसोफॅगस मोजा

इसोफॅगस साधारण २५ सेंटीमीटर. सुरू होतो मानेत क्रिकॉइड कार्टिलेजच्या (स्वरयंत्राच्या खालच्या कडक कड्याच्या) खालच्या कडेशी, मणका सी ६ (सी म्हणजे मानेचे मणके, टी छातीचे, एल कमरेचे). डायफ्रॅममधून (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) खाली उतरतो टी १० ला आणि जठराला मिळतो टी ११ ला. डायफ्रॅमची तीन भोकं एकदमच पाठ करून टाका, व्हेना कॅव्हा (मोठी शीर) टी ८, इसोफॅगस टी १०, एओर्टा (मुख्य धमनी) टी १२. दोन दोनच्या पायऱ्या आहेत, विसरणार नाही.

आता नाडी. एका टोकाला गाठ मारा, ती गाठ म्हणजे पुढचे वरचे दात. तिथून १५, २२.५, २७.५ आणि ४० सेंटीमीटरवर स्केचपेनने खुणा करा. या चार जागी इसोफॅगस अरुंद असतो. पहिली जागा सुरुवातीलाच, क्रिकोफॅरिंजिअस स्नायूपाशी. दुसरी जिथे आर्च ऑफ एओर्टा घासून जातो. तिसरी डाव्या ब्रॉंकसपाशी (फुप्फुसाकडे जाणारी श्वासनळीची फांदी) आणि चौथी डायफ्रॅममध्ये. मग ती नाडी दाताला लावून स्वतःच्या छातीवर सरळ खाली सोडा आणि आरशात बघा. आतला रस्ता तोंडातून वळून जातो त्यामुळे बाहेरून तंतोतंत जुळणार नाही, पण अंदाज असा बसतो की पुन्हा आकडे घोकावे लागत नाहीत. माझी नाडी वर्षभर होस्टेलच्या खिडकीला टांगलेली होती, रूममेटच्या आईला वाटलं काहीतरी नवस आहे.

हे आकडे दातांपासून का, तर एंडोस्कोपची नळी दातांपासूनच मोजतात. लहान मुलाने नाणं गिळलं तर ते बहुतेक वेळा पहिल्याच अरुंद जागी अडकतं. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो, आणि नाडीवरची पहिली खूण डोळ्यासमोर असेल तर उत्तर आपोआप येतं.

ट्रॅप: काही पुस्तकांत शेवटचा आकडा ३७.५ आहे, काहींत मधल्या दोन जागा मिळून एकच दिलीय. भांडत बसू नका, तुमच्या डिपार्टमेंटला जे पुस्तक चालतं तेच आकडे लिहा.

४. टेबलावर हाताने शोधा

आमच्याकडे थोरॅक्स म्हणजे छाती आधी झालं. हार्ट आणि लंग्ज काढल्यावर पोस्टीरिअर मेडिआस्टिनममध्ये, म्हणजे दोन फुप्फुसांमधल्या जागेच्या मागच्या भागात बघायचं. सगळ्यांची अपेक्षा असते की गार्डनच्या पाइपसारखी गोल नळी दिसेल. तसं काही नसतं. रिकामा इसोफॅगस चपटा असतो, ओल्या पट्ट्यासारखा, आणि दोन बोटांत धरला की आतल्या भिंती एकमेकींवर सरकतात. त्याच्या पुढे ट्रेकिआ (श्वासनलिका), जी कडक आणि कड्याकड्यांची, हाताला लगेच वेगळी लागते. ट्रेकिआ फुटून दोन झाली की त्याखाली इसोफॅगसच्या पुढे हार्टचा लेफ्ट एट्रिअम येतो. मागे मणके. उजवीकडे अझायगस व्हेन, आणि अझायगस आणि एओर्टाच्या मधे थोरॅसिक डक्ट, जी इतकी बारीक की आमच्या टेबलावर कुणीतरी ती फॅट समजून साफच करून टाकली.

खाली उतरताना व्हेगसच्या दोन नर्व्ह कशा फिरतात ते नीट बघा. डावी पुढे येते, उजवी मागे जाते. जठर पोटात असताना फिरतं त्यामुळे हे होतं. इथे पोट म्हणजे आईचं पोट, गर्भात असतानाचं म्हणतेय मी, बघा, परत तोच घोळ.

दोन तास फॉर्मॅलिनमध्ये उभं राहिल्यावर डोळे चुरचुरतात आणि भूक मात्र अशी लागते की विचारू नका. लाज वाटून घेऊ नका, सगळ्यांचं होतं. हात दोनदा धुवा आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्यला जा.

५. जठर: कापायच्या आधी बाहेरून बघा

ॲब्डोमेन उघडलं की पहिलं दिसतं ग्रेटर ओमेंटम, चरबीचा पडदा, एप्रनसारखा लोंबणारा. तो वर उचलायचा. लिव्हर वर सारली की जठराची आतली छोटी कड म्हणजे लेसर कर्व्हेचर आणि तिथून लिव्हरकडे जाणारं पातळ लेसर ओमेंटम दिसतं. त्याच्या उजव्या मोकळ्या कडेमागे तर्जनी घाला. हे एपिप्लॉइक फोरॅमेन. बोटाच्या पुढे बाइल डक्ट, हिपॅटिक आर्टरी आणि त्यांच्या मागे पोर्टल व्हेन, बोटाच्या मागे व्हेना कॅव्हा. चित्रात हे मला सात वेळा वाचून कळलं नव्हतं, बोट घातल्यावर दहा सेकंदांत कळलं. गर्दी असेल तर धक्का मारून पुढे जा पण बोट घालाच.

भाग कसे लक्षात ठेवायचे: वरचं तोंड कार्डिया, त्याच्या डावीकडे वर फुगलेला घुमट म्हणजे फंडस, मधली पिशवी बॉडी, मग वळण घेऊन पायलोरिक अँट्रम, कॅनॉल आणि शेवटी पायलोरस. पायलोरस डोळ्याने नाही बोटाने शोधा, तिथे स्नायूचं जाड कडं लागतं. मणका एल १. फंडसमध्ये उभ्या माणसात हवा असते, म्हणून डाव्या बरगड्यांखाली टिचकी मारली की ढोलकीसारखा पोकळ आवाज येतो. रूममेटवर करून बघा, जेवणाआधी.

पुस्तकातलं इंग्रजी जे अक्षरासारखं जठर टेबलावर दिसलं नाही तर घाबरू नका. आकार माणसागणिक बदलतो, किती भरलंय त्यावर बदलतो, उभा की आडवा त्यावरही. मोठ्या माणसात दीड ते दोन लिटर मावतं, नुकत्याच जन्मलेल्या बाळात जेमतेम ३० मिली. आपल्याकडे बारशाच्या आधीपासून बाळाला वाटी वाटी पाजायच्या मागे लागणाऱ्या आज्या असतात ना, त्यांना हा आकडा सांगा.

जठराच्या मागे काय काय आहे, ज्याला स्टमक बेड म्हणतात, ते लिस्ट म्हणून घोकू नका. जठर उचला आणि वरून खाली बघत या: डायफ्रॅम, स्प्लीन, डावी किडनी आणि तिच्यावरची सुप्रारीनल, पॅनक्रिआज, त्याच्या वरच्या कडेने नागमोडी गेलेली स्प्लेनिक आर्टरी, ट्रान्सव्हर्स मेसोकोलन, कोलनचं डावं वळण. मागच्या भिंतीचा अल्सर खोल गेला तर ही स्प्लेनिक आर्टरीच कुरतडली जाते, हे कळलं की बेड का शिकवतात ते कळतं.

६. रक्तपुरवठा एका बुंध्यापासून काढा

पाच नावं पाच वेळा पाठ करून पाच वेळा विसरलेय. शेवटी एका सिनिअर ताईने सांगितलं, सगळं सीलिॲक ट्रंकपासून (एओर्टाची फांदी) काढ. तिच्या तीन फांद्या. लेफ्ट गॅस्ट्रिक थेट लेसर कर्व्हेचरला जाते. हिपॅटिककडून राइट गॅस्ट्रिक येऊन तिला भेटते. स्प्लेनिककडून शॉर्ट गॅस्ट्रिक फंडसला आणि लेफ्ट गॅस्ट्रोएपिप्लॉइक ग्रेटर कर्व्हेचरला, आणि तिला भेटायला समोरून राइट गॅस्ट्रोएपिप्लॉइक, जी गॅस्ट्रोड्युओडिनलची फांदी. म्हणजे वरच्या कडेला एक जोडी, खालच्या कडेला एक जोडी, फंडसला बारीक फांद्या. संपलं.

व्हेन्समध्ये एकच गोष्ट नीट करा. इसोफॅगसच्या खालच्या टोकाला लेफ्ट गॅस्ट्रिक व्हेन पोर्टलकडे जाते आणि वरच्या व्हेन्स अझायगसकडे. दोन वेगळ्या सिस्टीम तिथे हात मिळवतात. लिव्हर सिरोसिसने घट्ट झाली की पोर्टलचं रक्त इथून वाट काढतं, व्हेन्स फुगतात, फुटतात आणि पेशंट रक्ताची उलटी करत येतो. पोस्टिंगला असा एक पेशंट बघितला की हा चॅप्टर जन्मात विसरत नाही.

७. भिंत म्हणजे चार थरांची गोधडी

आता हिस्टॉलॉजी, जिथे मी आपटले. इसोफॅगसपासून खाली सगळ्या नळीची भिंत चार थरांचीच. आतून बाहेर: म्युकोसा, सबम्युकोसा, मस्क्युलॅरिस एक्स्टर्ना, आणि सगळ्यात बाहेर ॲडव्हेंटिशिआ किंवा सिरोसा. म्युकोसाचे परत तीन पदर, एपिथेलिअम (आतलं अस्तर), लॅमिना प्रोप्रिआ आणि मस्क्युलॅरिस म्युकोझी. सबम्युकोसात माइस्नरचं नर्व्हजाळं, बाहेरच्या स्नायूंच्या दोन थरांमधे ऑरबाखचं. आजीची गोधडी आठवा, सगळ्या गोधड्यांना अस्तर, मधली भर, टाके आणि वरचं कापड असतंच, फरक असतो तो कुठल्या साडीचं काय लावलंय त्यात. कुठलीही स्लाइड आली तरी आधी चार थर बोटाने मोजल्यासारखे मोजा आणि मगच नाव ठरवा.

स्लाइड बघायची पद्धत पण सांगते. आधी नुसती हातात धरून उजेडाकडे बघा. मग ४ एक्स, मग १०, आणि ४० सगळ्यात शेवटी. डायरेक्ट ४० लावून खाली फिरवलं की काच फुटते आणि तिचे पैसे तुमच्याकडूनच घेतात.

८. इसोफॅगसची स्लाइड

एपिथेलिअम स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस, नॉन केराटिनाइज्ड. म्हणजे थरांवर थर, घास घासत जाणार म्हणून जाड, पण वरती कातडीसारखा कोरडा केराटिन नाही. आतली पोकळी मिटलेली, चांदणीसारखी दिसते. सबम्युकोसात म्युकस ग्लँड्स असतात, फिकट द्राक्षाच्या घडांसारख्या. मस्क्युलॅरिस म्युकोझी खालच्या भागात इतका जाड की नवीन माणूस त्यालाच बाहेरचा मोठा स्नायू समजतो.

आता व्हजायनापासून वेगळं कसं ओळखायचं: तिथे ग्लँड्स नाहीत आणि मस्क्युलॅरिस म्युकोझीही नाही. आणि एपिथेलिअमच्या वरच्या पेशी ग्लायकोजेनमुळे रिकाम्या रिकाम्या दिसतात. एवढ्या तीन गोष्टी मला त्या दिवशी माहीत असत्या तर चार मार्क वाचले असते.

बाहेरचा स्नायू बघून कितवा भाग तेही सांगता येतं. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात स्केलेटल, मधे मिक्स, खाली स्मूथ. गिळायला सुरुवात आपण ठरवून करतो, पुढचं मग आपल्या हातात नाही, तसंच ते. स्केलेटलमध्ये आडवे पट्टे आणि कडेला ढकललेले न्यूक्लिअस दिसले की अप्पर लिहा. सगळ्यात बाहेर छातीतल्या भागाला सिरोसा नाही, नुसता ॲडव्हेंटिशिआ, पोटातल्या छोट्याशा तुकड्यालाच पेरिटोनिअम, म्हणजे पोटातलं पातळ आवरण, मिळतं. सर्जन लोक इसोफॅगसच्या टाक्यांना घाबरतात त्याचं एक कारण हेच.

ट्रॅप: इंटरनेटवरचे फोटो जपून. उंदराच्या इसोफॅगसला केराटिन असतं, फोटोखाली प्राण्याचं नाव वाचलं नाही तर तुम्ही चुकीचं जर्नल काढून बसाल. आमच्या बॅचमध्ये तिघांनी काढलं होतं.

९. जोड आणि जठराची स्लाइड

इसोफॅगस संपून जठर सुरू होतं तिथे एपिथेलिअम हळूहळू बदलत नाही, एकदम बदलतं. एका पेशीपर्यंत जाड थर आणि पुढच्या पेशीपासून एकच उंच कॉलम्नर थर. ही रेष नागमोडी म्हणून झेड लाइन. फॉर्मॅलिनमध्ये रंग गेलेले असतात त्यामुळे टेबलावर फार मजा येत नाही, पण पुढे पोस्टिंगला एंडोस्कोपी बघितली तेव्हा स्क्रीनवर फिकट गुलाबी इसोफॅगस आणि त्याला लागून लालसर जठर, मधे कुणी फाडलेल्या कागदासारखी कड. मी चक्क मोठ्याने 'अय्या' म्हणाले, सर वळून बघायला लागले. वर्षानुवर्षं ॲसिड वर येत राहिलं तर ही लाल बाजू वर सरकते आणि त्यात गॉब्लेट पेशी दिसायला लागतात, त्याला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात. एक नियम लक्षात ठेवा, नॉर्मल जठरात गॉब्लेट पेशी नसतात. स्लाइडमध्ये दिसल्या तर एकतर तुम्ही आतड्यात आहात किंवा काहीतरी बिघडलंय.

फंडस आणि बॉडीची स्लाइड: वरून खड्डे, गॅस्ट्रिक पिट्स, उथळ, म्युकोसाच्या साधारण पाव खोलीचे. त्यांच्या तळातून लांब सरळ ग्लँड्स निघतात. ग्लँडच्या वरच्या अर्ध्यात गुलाबी गोल पेशी, मधोमध न्यूक्लिअस, अगदी हाफ फ्रायसारख्या, त्या पराएटल. तळाशी जांभळट पेशींची गर्दी, त्या चीफ. रंग असे का, तर पराएटलमध्ये ॲसिड पंप करायला मायटोकाँड्रिआ ठासून भरलेले, ते गुलाबी रंग घेतात, चीफ पेशी पेप्सिनोजेन नावाचं प्रोटीन बनवतात म्हणून त्यांच्यात रफ ईआर (पेशीतला प्रोटीन बनवणारा भाग) भरपूर, तो जांभळा घेतो. हे कारण कळलं की जर्नलमध्ये गुलाबी पेन्सिल कुठे आणि जांभळी कुठे हा प्रश्नच उरत नाही. मिसळ हाणून रात्री जे पँटोप्राझोल घेता ना, ते याच गुलाबी पेशींचा पंप बंद करतं. इन्ट्रिन्सिक फॅक्टरसुद्धा याच बनवतात, तो नसेल तर बी १२ नीट शोषलं जात नाही.

पायलोरसची स्लाइड: उलटं. पिट्स खोल, अर्ध्यापर्यंत किंवा त्याहून जास्त, आणि ग्लँड्स आखूड, वळ्यावळ्यांच्या, सगळ्या फिकट म्युकसवाल्या. गॅस्ट्रिन सोडणाऱ्या जी पेशी इथेच, पण एच अँड ईमध्ये त्या ओळखायच्या मागे लागू नका. अल्सरवाला हेलिकोबॅक्टर पायलोरी पण बहुतेक या अँट्रमच्या बाजूलाच मुक्काम ठोकतो. १९८४ मध्ये बॅरी मार्शल या डॉक्टरने तो जंतू सरळ पिऊन टाकला, आजारी पडला, आणि २००५ ला रॉबिन वॉरनबरोबर नोबेल घेतलं. व्हायवाला सर मूडमध्ये असतील तर हे सांगा, नसतील तर नका सांगू.

पायलोरस आणि ड्युओडिनम यात गोंधळ होतो. सबम्युकोसात ग्लँड्स दिसल्या, व्हिलाय दिसले, तर ड्युओडिनम. जठराला बाहेरच्या स्नायूचे तीन थर, आतून तिरका, मग गोल, मग उभा, पण हे तीनही स्लाइडमध्ये स्पष्ट दिसतील अशी आशा ठेवू नका, मला आजपर्यंत एकदाही नीट दिसले नाहीत. चित्रात मात्र तीन काढा.

१०. वजडीच्या भानगडीत पडू नका

हे वेगळं लिहायचं कारण मी स्वतः केलंय. मटणवाल्या काकांकडून बकऱ्याची वजडी आणली, होस्टेलच्या बेसिनमध्ये धुतली, रुगी म्हणजे जठराच्या आतल्या घड्या बघायला. आत एका बाजूला टर्किश टॉवेलसारखी लव आणि दुसऱ्या तुकड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. रुगी कुठेच नाहीत. नंतर कळलं की बकरी रवंथ करणारी, तिच्या जठराला चार कप्पे, टॉवेल पहिला कप्पा आणि जाळी दुसरा, त्यांत ग्लँड्सच नाहीत. माणसासारखा आहे तो फक्त चौथा कप्पा, आणि मी आणलेल्या पिशवीत तो नव्हताच. वास चार दिवस गेला नाही. बाकी वजडी खायची असेल तर गोष्ट वेगळी, घरी आई करते तशी होस्टेलला जमत नाही.

११. जर्नल आणि आदला दिवस

जर्नलची सही स्लाइड बघितली त्याच आठवड्यात घ्या, शेवटी रांग लागते आणि सर्टिफिकेटवर सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. चित्रात नावांच्या रेषा एका बाजूला आणि सरळ काढा, त्याला खरंच मार्क आहेत. प्रत्येक चित्राखाली ओळखायच्या दोन खुणा लिहा, दोनच, पण स्लाइडमध्ये तुम्ही स्वतः बघितलेल्या.

आदल्या दिवशी नवीन काही वाचू नका. पाच स्लाइड सलग बघा: इसोफॅगस, फंडस, पायलोरस, ड्युओडिनम आणि ती व्हजायनाची. मित्राला क्रम बदलून लावायला सांगा आणि नाव सांगायच्या आधी चार थर मोठ्याने म्हणा. लॅबचे मामा पाचला कुलूप लावतात, त्यामुळे दुपारी तीनलाच जा. आणि नाडी सोबत घेऊन जाऊ नका, मी नेली होती, गेटवर खिसे तपासताना कॉपी म्हणून धरली.